माठाखालची खंजिरी

ओल्डहॅम, इंग्लंड
२२ ऑक्टोबर १९६७

ती. बाबा व ती. माय यांस,
गोपिकाचा सविनय जयभीम. वि. वि.

इथे माझे ठीक चालले आहे. तुमचेही तसेच चालले असेल, आणि बाबांचा खोकला तेवढा चालेनासा झाला असेल, अशी आशा करते. रुपदादा, हे पत्र मोठ्याने वाचताना मधले गाळू नकोस. माय मला पुढच्या पत्रात बरोबर विचारते आणि तुझे पितळ उघडे पडते.

खरी थंडी अजून सुरू झालेली नाही असे इथले लोक सांगतात. मी दोन स्वेटर घालून ते ऐकून घेते. माय, तिखटाची पुडी संपत आली. इथे बटाटा नुसता उकडतात आणि जेवताना एकमेकांना हवामान सांगतात.

सध्या माझी पाळी पुरुषांच्या छातीच्या वॉर्डात आहे. गाव सगळे कापसाच्या मिलचे. वॉर्डातली म्हातारी माणसे पाहिली की मला इंदोऱ्यातली संध्याकाळ आठवते. पाळी सुटून येणारी माणसे इथेही तशीच खांदे वर उचलून चालतात. नर्सिंग पुरे करून मी परत येईन तेव्हा विहाराजवळ एक खोली दवाखान्यासाठी लागेल. दादा, आतापासून पाहून ठेव. मस्करी नाही.

एक आनंदाची गोष्ट. नर्सेसचा एक गाणारा ताफा आहे, त्याला क्वायर म्हणतात. त्यात मला घेतले. मिस होल्ट म्हणून बाई शिकवतात. बाकीच्या मुली कागदावरच्या खुणा वाचून गातात. मला त्या येत नाहीत, मी ऐकून पाठ करते आणि पक्के करते. बाईंनी विचारले, आवाज कुणाचा घेतलास. मी सांगितले, वडिलांचा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी या मुली आपले निळे लोकरी झगे उलटे करून घालतात, आतले लाल अस्तर बाहेर. वॉर्डातले दिवे मालवतात आणि कंदील घेऊन खाटांमधून गात जातात. घरी जाता न येणाऱ्या आजाऱ्यांसाठी ही इथली जुनी रीत आहे. एका गाण्यात एक फार लांब ओळ आहे, सगळी एका दमात ओढायची. ती ओळ मला एकटीला दिली आहे.

क्वायरचा फोटो पाठवते. दुसऱ्या रांगेत डावीकडे मी. तेवढी एकच काळी आहे, चुकणार नाही.

आईबापाच्या मायेची ऊब पत्रातून येत राहू द्या.
तुमची,
गोपिका


इंदोरा, नागपूर
१२ नोव्हेंबर १९६७

चि. गोपिका हिस,
दादाचा जयभीम आणि घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद.

फोटो पोचला. माय म्हणाली पोरगी सुकली. मी म्हणालो, फोटोच लहान आहे. तेवढ्यात शालिकरामकाका आले. विहार कमिटीचे झाल्यापासून त्यांले सगळ्या घरचं पाहावं लागते. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला आणि तुह्यामागं भिंतीवर मोठा क्रूस आहे ते बोट ठेवून दाखवलं. रविवारी विहारात चार लोकांसमोर बाबांले म्हणाले, देवराव, मिशन दवाखान्याच्या मेट्रनबाईनं शिफारशीची चिठ्ठी देऊन पोरीले विलायतले काहून पाठवलं ते आता कळलं. बाबा तिथून उठले. घरी येऊन म्हणाले, कागद घे.

पुढचं बाबा सांगून राहिले तसंच लिहितो. सुधारलं तर रागावतात.

पोरी, आपण छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तू अकरा वर्षाची होती. देव गोणपाटात बांधून कन्हानले नेले, तू माह्या मागं मागं होती. भजनं सोडली. वस्तीत माह्यासारखा गळा नव्हता हे लोकं सांगतात, मी नाही सांगत. खंजिरीचं कातडं माह्या हातानं काढलं अन् लाकडाची कडी मायले देली, माठाखाली ठेवाले. त्यानंतर विहारात गाणी झाली, तरी मी तोंड उघडलं नाही. जे मनातून गेलं ते तोंडात ठेवाचं नाही. तुले जे पटत नाही ते तू दुसऱ्याच्या देवापुढं उभी राहून गाशील, तर मी गोणपाट कायले बांधलं? आपण गरीब आहो, पण खोटे नाही. ते गाणं सोड. शिक्षण सोडू नको.

बाबांचं इथं संपलं. आता माहं. बाबांचा खोकला वाढला. सोमवारी पाळीवरून आले की अंगणात पुढं वाकून बसून राहतात, बोलता येत नाही. मंगळवारी थोडं बरं. मिलचे डॉक्टर दमा म्हणतात आणि लाल औषध देतात. माय माठातून पाणी काढते तेव्हा त्या कडीच्या झांजा वाजतात, ते तुले आठवत असेल. आता बाबा ते ऐकून माठाकडं पाहत राहतात.

शालिकरामकाकांवर रागावू नको. त्यांचा पोरगा नापास झाला, त्यांले कुठंतरी बोलावं लागते.

आमचा जीव तुह्यात आहे, हे विसरू नको.
तुझा दादा,
रुपराव


ओल्डहॅम
२६ नोव्हेंबर १९६७

ती. बाबांस,
गोपिकाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमची आज्ञा मानली. मिस होल्टना सांगितले की माझे नाव काढा. त्यांनी कारण विचारले. मी म्हटले, घरच्यांची इच्छा. त्या मान हलवून दुसरीकडे गेल्या. ती ओळ आता दुसऱ्या मुलीला दिली आहे.

तुम्ही माझ्यावर रागावावे, पण माझ्यावर संशय घेऊ नये. मी कुणापुढे हात जोडले नाहीत. त्या गाण्यांची गोष्ट एवढीच आहे की एका गरोदर बाईला गावात कुणी राहायला जागा दिली नाही आणि तिचे मूल गुरांच्या गोठ्यात जन्मले. बाबा, जागा न मिळणे म्हणजे काय हे या ताफ्यात माझ्याइतके कुणाला कळणार? मी त्या समजुतीने गात होते. तरी तुम्हाला ते खोटे वाटत असेल तर मी गाणार नाही. तुमच्यामुळे मी बी.एस्सी. झाले. दादाने नववीत शाळा सोडली ती माझ्यासाठी. तुम्हा दोघांना मान खाली घालावी लागेल असे मी काही करणार नाही.

आता दुसरी गोष्ट, ती मन घट्ट करून लिहिते. आमच्या वॉर्डात क्लेग म्हणून आजोबा आहेत. चौदाव्या वर्षापासून ते मिलच्या पिंजण खात्यात होते, तुमच्याच खात्यात. त्यांचा दमही सोमवारी जास्त लागायचा. सुटीनंतर पहिल्यांदा धुळीत गेले की छाती आवळायची. या दुखण्याला इथले डॉक्टर दमा म्हणत नाहीत, कापसाच्या धुळीचे दुखणे म्हणतात. त्याला वेगळे नाव आहे. ते बरे होत नाही, पण माणूस खात्यातून लवकर बाहेर पडला तर थांबते. बाबा, तुम्ही ते खाते सोडा. उद्याच सोडा. मी इथून पाठवते त्यात घर चालेल.

क्लेग आजोबा तरुणपणी त्यांच्या प्रार्थनाघरात गायचे. खोकला आला त्याच्या आधी काय झाले, ते त्यांनी मला सांगितले. लांब ओळ पुरेनाशी झाली. मध्येच दम तुटायचा. त्यांनी लोकांना सांगितले की आता गाण्यात मन लागत नाही, आणि बसले मागच्या बाकावर.

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणून विचारते, रागावू नका. देव सोडले ते तुम्ही धम्मासाठी सोडले, यात मला तिळभर शंका नाही. पण विहारातसुद्धा तुम्ही तोंड उघडले नाही, ते धम्मासाठी की श्वास पुरत नव्हता म्हणून?

तुमच्या शब्दाबाहेर नसलेली,
गोपिका


इंदोरा, नागपूर
१० डिसेंबर १९६७

चि. गोपिका हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटचं वाक्यही गाळलं नाही. बाबा उठून बाहेर गेले, संत्र्याच्या गाडीवाल्याशी उगाच भांडले आणि परत आले. दोन दिवस गेले. आज म्हणाले, लिही.

पोरी, तू नर्स नाही, पोलीस आहे. ऐक. देव मी धम्मासाठीच सोडले. गळा मिलनं नेला. दोन्ही एकाच वर्षी झालं. लोकं समजले की देवरावनं गाणंच टाकून देलं, लय मोठा त्याग केला. मी समजू देलं. विहारात लोकं हात धरून म्हणत होते, देवराव एक म्हण. म्हटलं असतं तर दुसऱ्या ओळीत उघडं पडलो असतो. माह्यापाशी श्वास नाही म्हणून तुह्यापाशी असलेला मी बंद करून राहिलो, असं मले तुह्या मायनं सुनावलं. बाई कधी बोलत नाही, बोलते तेव्हा वर पाहू देत नाही.

तू गा. हात जोडू नको. क्रूसाकडं तोंड करू नको. खाटेवरच्या माणसाकडं तोंड करून गा. ज्याले जागा भेटली नाही त्याच्यासाठी गाणं म्हणजे काही देवाचं नाही. त्या बुढ्याले माहा जयभीम सांग. त्याले म्हण, नागपूरले माह्या खात्यात एक आहे तुह्यासारखा.

हे बाबांचं. खातं सोडाचं म्हणालो तर म्हणतात, मार्चपर्यंत. मुकादमानं त्यांले दरवाज्यापाशी उभं केलं आहे, तिथं धूळ कमी म्हणे.

पत्र आजच हवाई डाकेत टाकतो. नाताळच्या आधी पोचलं पाहिजे. ती लांब ओळ परत मागून घे वं, भांडून घे. भांडण तुले येतेच.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारा,
रुपराव


ओल्डहॅम
२७ डिसेंबर १९६७

प्रिय रुपदादास,
जयभीम. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकट्यासाठी आहे. घरी वाचून दाखवू नकोस.

नाताळ झाला. इथे त्या दिवशी बसगाड्या बंद असतात, रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. ज्या मुलींची घरे जवळ आहेत त्या गेल्या. मी आदल्या दिवशीची आणि त्या दिवशीची, दोन्ही पाळ्या मागून घेतल्या. खोलीत बसून काय करायचे होते?

आदल्या संध्याकाळी दिवे मालवले आणि क्वायर वॉर्डात आली. सगळ्यांचे लाल झगे, हातात कंदील. मी क्लेग आजोबांच्या खाटेशी निळाच झगा घालून उभी होते. चार दिवसांपासून त्यांना बसवूनच ठेवावे लागत होते, आडवे केले की गुदमरत. लांब ओळ आली, त्या मुलीने मध्ये दोनदा श्वास घेऊन म्हटली. आजोबांनी माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या. त्यांना हसायचे होते.

क्वायर पुढच्या वॉर्डात गेली. त्यांनी माझी बाही धरली आणि एकेक शब्द सोडत म्हणाले, ती ओळ तू म्हण. एकदाच, नीट. मला ती येते हे त्यांना माहीत होते. पाळीवर उशा बदलताना मी गुणगुणायची, ते ऐकायचे.

दादा, मी म्हटली नाही. मी त्यांना सांगितले की वडिलांना शब्द दिला आहे. ते म्हणाले, मग शब्द पाळ. त्यांनी माझी बाही सोडून हातावर थोपटले. मीच त्यांना नकार दिलेला आणि तेच मला समजावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाकीच्यांना जेवण वाढत असताना ते गेले. त्यांची मुलगी उशिरा आली. तिला त्यांचे बूट आणि चष्मा मी दिला.

माझ्या हातून बरोबर झाले की चूक, मला ठरवता येत नाही. बाबांना काही कळवू नकोस. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे झाले.

२९ डिसेंबर. पत्र टाकायचे राहिले होते. आज तुझे दहा तारखेचे पत्र आले. नाताळच्या गर्दीत डाक तुंबली होती म्हणतात. ते मी जिन्यात बसून वाचले. दादा, मी आता काय करू?

तुझी,
गोपिका


इंदोरा, नागपूर
९ जानेवारी १९६८

चि. गोपिका हिस,
जयभीम.

तुझं पत्र मिलच्या फाटकाशी उभ्यानं वाचलं. बाबांले दाखवलं नाही. आता मन घट्ट कर. एक तारखेले सोमवार होता. बाबा पाळीवर गेले आणि दरवाज्यापाशीच बसले. मी आणि शालिकरामकाकांनी सायकल रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आठवडा ठेवून घेतलं, मग म्हणाले घरी न्या. म्हणजे काय ते तुले माह्यापेक्षा जास्त समजते. आता भिंतीले टेकून बसवून ठेवतो. झोप नाही.

माह्या हातून एक झालं. दवाखान्यात त्यांनी विचारलं, पोरीले पत्र पोचलं काय. मी पोचलं म्हणालो. विचारलं, गायली काय. मी म्हणालो, गायली. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान आलं की मले वापस घेता आलं नाही. आता रोज विचारतात, कसं गायली, कोण ऐकत होतं, बुढा काय बोलला. मी दोन दिवस बनवून सांगितलं. पण मले गाण्यातलं काय समजते? ते बोलता बोलता पकडतील. मुलाखत घेतल्यासारखं विचारतात. काल म्हणाले, तिचं पत्र का आलं नाही?

गोपे, तू लिहून पाठव. लवकर. तू खोटं बोलत नाही हे मले माहीत आहे. मी सांगून राहिलो म्हणून बोल.

माय म्हणते, पोरीले येऊ नको म्हण, पोचणार नाही.

तुझा,
रुपराव


ओल्डहॅम
१८ जानेवारी १९६८

रुपदादा,

ही चिठ्ठी तुला. सोबतचे पत्र बाबांना. त्यावर तारीख घातलेली नाही, विचारली तर सांगू नकोस.

मला खोटे लिहिता येईना. तीन कागद फाडले. मग वॉर्डच्या सिस्टरकडे गेले आणि सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, इथे नाताळ सरल्यावर ती गाणी म्हणणे अशुभ मानतात. मग घड्याळ पाहून म्हणाल्या, चहानंतर म्हण, दिवे मी मालवते. मी झगा उलटा करून एकटीच गायले. एका म्हाताऱ्याने विचारले, हे मागच्या नाताळचे राहिले होते की पुढच्याचे आगाऊ आहे? दुसरा म्हणाला, गप रहा, तुला पुढचा कुठे दिसणार आहे. सगळे हसले आणि खोकले. आता जे लिहिले आहे ते घडलेले आहे.

गोपिका


ती. बाबांस,
तुमच्या गोपिकाचा जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही सांगितले तशीच मी गायले. वॉर्डातले दिवे मालवले होते. मी झग्याची लाल बाजू बाहेर केली होती आणि हातात कंदील होता. हात जोडले नाहीत. वॉर्डात क्रूस नाही, आणि असता तरी मी पाठ केली असती. खाटांकडे तोंड करून उभी राहिले. सगळी माणसे मिलची. कुणी पिंजणातला, कुणी सूत खात्यातला. दाराजवळच्या माणसाच्या डाव्या हाताला दोनच बोटे आहेत, त्या दोन बोटांनी त्याने खाटेच्या लोखंडावर ठेका धरला. खोटे नाही, अगदी तुम्ही डब्यावर धरता तसा.

सुरुवातीला आवाज कापत होता, मग स्थिरावला. मूल गोठ्यात जन्मले ते कडवे मी हळू म्हटले. मग लांब ओळ आली. सगळा वॉर्ड गप्प झाला. कुणी खोकलेसुद्धा नाही. मला तुम्ही आठवलात. संपल्यावर म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन बोटांच्या माणसाने लोखंड वाजवले. सिस्टरने तोंड फिरवूनच दिवे लावले.

तुमचा जयभीम मी क्लेग आजोबांच्या खाटेपाशी उभी राहून सांगितला. नागपूरला पिंजण खात्यात माझे वडील आहेत, तेही गातात, असेही सांगितले. गात होते असे मी म्हटले नाही.

बाबा, तुमचा आवाज माझ्याकडे सुखरूप आहे. मी येईपर्यंत माझी वाट पाहा.

तुमची,
गोपिका


इंदोरा, नागपूर
४ फेब्रुवारी १९६८

गोपे,

बाबा गेले. परवा, दोन तारखेले, सकाळी.

तुझं पत्र सत्तावीसले आलं. मी वाचलं. पहिल्या वेळी डोळे मिटून ऐकलं. दोन बोटांच्या माणसावर हसले, मग हसण्याचा खोकला झाला. सांजच्याले म्हणाले, परत वाच. लांब ओळ आली तिथं बोट हलवलं. मी थांबलो. म्हणाले, श्वास कुठं घेतला ते लिहिलं नाही. मी म्हणालो, एका दमात म्हटली असेल. त्यांनी मान हलवली. गाणारा माणूस ते आधी लिहिते, म्हणाले. विचार तिले.

मग मायले म्हणाले, माठाखालची कडी दे. मायनं माठ उतरवून कडी पुसून देली. त्यांनी ती छातीवर ठेवली. हात उचलत नव्हता, वाजवणार कुठं? पण श्वासानं छाती हालली की झांजा बारीक वाजत. पाच-सहा दिवस घरात तोच आवाज होता. माय चुलीपाशी बसून ऐकत राहे. ती म्हणते, झांजा थांबल्या तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं नाही, आधी भाकर तव्यावरून उतरवली.

शालिकरामकाकांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. खांदाही देला. घाटावर मले म्हणाले, तो फोटो मी उजेडात धराले नको होता. मिलमधून पिंजण खात्याचे सगळे आले होते. सोमवार नव्हता तरी खोकत होते.

माय कडी माठाखाली ठेवू देत नाही. माठ विटेवर ठेवला आहे. कडी तुह्यासाठी ठेवली म्हणते.

त्यांनी विचाराले सांगितलं होतं, म्हणून विचारतो. श्वास कुठं घेतला?

रुपराव


ओल्डहॅम
१३ फेब्रुवारी १९६८

प्रिय दादास,

पत्र मिळाले. माझी सुटी मंजूर झाली नाही. झाली असती तरी आता काय?

बाबांनी बरोबर ओळखले. त्या ओळीशी मी आले तेव्हा माझ्यासमोर क्लेग आजोबांची खाट होती आणि त्या खाटेवर दुसराच माणूस बसला होता. उशांना टेकून, पुढे वाकून, अंगणात बाबा बसत तसा. मी श्वास घेतला आणि आवाज निघाला नाही. ती ओळ मी म्हटलीच नाही, दादा. वॉर्ड गप्प झाला तो मी थांबले म्हणून. म्हाताऱ्यांना वाटले गाणे तिथेच संपते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लिहिले त्यात खोटे काही नव्हते, फक्त एवढे लिहिले नव्हते. इतक्या दुरून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनसुद्धा ते त्यांना सापडले.

मायला सांग, कडी जपून ठेव. तिला कातडे मी येऊन चढवीन. दवाखान्यासाठी खोली बघत राहा, दरवाजाशेजारची नको, आतली बघ. पिंजण खात्यातल्या माणसांची नावे आणि कोण सोमवारी खोकतो ते मला कळव. वाट पाहत बसू नकोस, आताच कळव.

मायच्या उशाशी बस, आणि माझ्या वाट्याची मायाही तिलाच दे.

तुझी,
गोपिका